बादचा ट्रे

हॅचरीतल्या त्या खोलीला दिव्याची खोली म्हणत, आणि अख्ख्या इमारतीत अंधार काय तो तिथंच होता. खिडकीला जाड काळा पडदा, दाराला दुसरा. मधे एक टेबल. टेबलाच्या पत्र्याला अंड्याच्या बुडाहून लहान असं भोक आणि भोकाखाली दिवा. आठवडाभर मशीनमध्ये उबवलेली अंडी इथं येत. एकेक अंडं भोकावर धरायचं, जरा फिरवायचं आणि आत जीव धरलाय का ते बघायचं. धरला असेल तर लाल शिरांचं जाळं दिसतं, मुळं फुटल्यासारखं, आणि मधे काळा ठिपका. थोडं थांबलं की ठिपका हलतो. धरून मेला असेल तर शिरा विरतात आणि रक्ताचं कडं उरतं. धरलाच नसेल तर अंडं कंदिलाच्या काचेसारखं नुसतं पिवळं. जिवंत अंडी उजवीकडच्या ट्रेत जात, बाकीची डावीकडच्या. डावीकडच्याला बादचा ट्रे म्हणत.

या टेबलावर ज्याची उमेदीची वर्षं गेली, त्याला सगळे दिवेवाला म्हणत. तिथल्या तीन मॅनेजरांनी त्याची नजर बघितली होती आणि तिघांनीही ती कधी तपासून घेतली नव्हती. तो बाद म्हणाला की बाद. मेलेलं अंडं मशीनमध्ये राहिलं तर सडतं, फुगतं आणि एक दिवस फटकन फुटून शेजारची चांगली अंडी नासवतं. दिवेवाल्याच्या हातून असं अंडं पुढं गेलेलं कुणाला आठवत नव्हतं.

स्वभावानं तो आधीपासूनच जरा रडका. आभाळ स्वच्छ असलं तरी छत्री घेऊन निघणारा. पण घरी बायको होती. ती म्हणायची, "तुमचं बोलणं दुधासारखं आहे, अर्धं पाणीच असतं त्यात. मी अर्ध्यानं धरते." मुलीला ताप आला आणि तो म्हणाला, "हा साधा ताप दिसत नाही," की बायको कपाळाला हात लावून बघायची आणि म्हणायची, "साधाच आहे. तुम्ही जा कामाला." तीस वर्षं हे असंच चाललं होतं, आणि आपल्या बोलण्यातलं पाणी कुणीतरी रोज काढून टाकतंय हे त्याच्या कधी ध्यानातही आलं नव्हतं.

मागच्या थंडीत ती गेली. पोटाचं दुखणं निघालं आणि बघता बघता सगळं संपलं. तो रडला नाही. आले-गेले म्हणाले, माणूस खंबीर आहे. खंबीर कसला. आतमध्ये काही पोचतच नव्हतं. आणि नंतर हळूहळू असं झालं की चाळणीतून पीठ गळून जावं आणि खडे तेवढे वर राहावेत, तसं दिवसाचं सगळं गळून जाई आणि खडे उरत. शेजारीण डबा घेऊन आली, चार शब्द मायेनं बोलली, जाताना म्हणाली, "डबा सवडीनं द्या हं परत." त्याच्या लक्षात राहिलं ते एवढंच, की तिला डबा परत हवाय. दुकानदार गिऱ्हाइकाशी हसत असला की तो आपल्यालाच हसतोय. मुलगी फोनवर अर्धा तास बोलली आणि मधे एकदा नुसतं "हं" म्हणाली, तर रात्रभर ते "हं" उशाशी.

मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. एकुलती एक. तिच्याशिवाय त्याला आता कुणी नव्हतं. आई असताना तिचं एक मूल पोटातच गेलं होतं, आणि तेव्हा आईच तिच्यापाशी जाऊन राहिली होती.

त्या दिवशी सकाळच्या चहाच्या सुट्टीत तो मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीपाशी बसला होता. मुलीचा फोन आला.

"बाबा, फोटो बघितला का?"

"कसला फोटो?"

"अहो पाठवलाय ना आत्ता. आधी बघा. मी धरते फोन."

त्यानं फोनची काच पुसून बघितलं. करडा, धुरकट चौकोन. त्यात एक काळी पोकळी आणि पोकळीत एका कडेला शेंगदाण्याएवढं काहीतरी पांढुरकं. टेबलावर बघायची जी सवय होती तसंच त्यानं बघितलं. हातानं आपसूक फोन जरा तिरपाही केला. काही हललं नाही.

"दिसलं का?" ती हसत होती. "सांगा काय दिसतंय?"

"यात जीव दिसत नाही गं," तो म्हणाला.

पलीकडचं हसू थांबलं. "काय म्हणालात?"

"रिकामं वाटतंय. परत दाखवून घे. मागच्यासारखं व्हायला नको."

फोन बंद झाला. तो चहाचा कप विसळून आत गेला आणि पुढचा ट्रे घेतला. आपण काही वावगं बोललो असं त्याच्या मनातही आलं नाही. जे दिसलं ते सांगितलं होतं.

संध्याकाळी जावयाचा फोन आला. जावई मऊ बोलणारा, पण त्या दिवशी शब्द मोजून टाकत होता. "बाबा, आम्ही परत जाऊन आलो. ठोके ऐकवले त्यांनी. सगळं व्यवस्थित आहे."

"बरं."

"बरं? एवढंच?" जावई म्हणाला. "ती सगळा रस्ता पोट धरून रडत होती. बाबा, राग नका मानू, पण काही दिवस तुम्ही फोन करू नका. तिला वाटलं की ती करेल."

या बोलण्यातलंही पीठ गळून गेलं. फोन करू नका, हा खडा उरला. ठोके ऐकवले हे जावई म्हणाला होता, पण ते कानावरून गेलं आणि राहिलं नाही.

दिव्याच्या खोलीत टेबलापलीकडे एक बाई बसायची. ती बादच्या ट्रेतली काही अंडी दुसऱ्या दिवशी फोडून बघायची, धरलीच नव्हती की धरून मेली होती ते. पाळी सुरू झाल्यापासून संपेपर्यंत तिचं तोंड चालू, म्हणून तिला रेडिओबाई म्हणत. शेजाऱ्यांची भांडणं, जावेचा संधिवात, मांजरीची पिल्लं, सगळं त्या अंधारात ऐकू यायचं. दिवेवाल्याला पूर्वी ते बरं वाटे. आता नुसता आवाज.

एक दिवस तिचा आवाज मधेच थांबला.

"भाऊ, जरा इकडे या."

तो उठून मोरीपाशी गेला. पांढऱ्या बशीत फोडलेलं अंडं होतं. पिवळ्यावर शिरांचं जाळं पसरलेलं आणि मधोमध मोहरीएवढा लाल ठिपका. ठिपका उडत होता. उडत होता, मग सावकाश उडायला लागला, मग थांबला.

"हे तुमच्या बादमधलं," ती म्हणाली.

"एखादं चुकायचंच. माणूस आहे."

"एखादं नाही भाऊ. सकाळपासून फोडतेय. निम्मी अशी आहेत." मग हळू आवाजात, "कालचीही होती. मी बोलले नाही."

तो बशीकडे बघत उभा राहिला. आपल्या हातून जिवंत जीव बादच्या ट्रेत जातात. याचं त्याला काहीतरी व्हायला हवं होतं. निदान लाज तरी वाटावी. तो वाट बघत राहिला. काही आलं नाही. मग मात्र तो घाबरला, पण तेही डोक्यात घाबरला, अंगात नाही.

मॅनेजरनं त्याला बोलावून घेतलं. वयानं त्याच्या मुलीएवढा. म्हणाला, "दिवेवाले, वय होतंच कुणाचंही. डोळे तपासून घ्या, मी सुट्टी देतो."

बाहेर आल्यावर रेडिओबाईनं विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हातारा झालास म्हणाला. दात विचकत होता."

"मी काचेतून बघत होते. त्याचा चेहरा रडवेला झाला होता."

"तुला असं दिसलं, मला तसं दिसलं."

"म्हणून तर म्हणते, जा डोळ्यांच्या डॉक्टरकडे."

तो गेला. डॉक्टरांनी अक्षरं वाचायला लावली, डोळ्यांत उजेड टाकला आणि म्हणाले, "तुमच्या वयाला असे डोळे बघायला मिळत नाहीत हो." दुसऱ्या कुणाला हे ऐकून बरं वाटलं असतं. त्याला वाटलं, म्हणजे रोग दुसरीकडे कुठेतरी आहे, आणि तो शोधणारं आता कुणी नाही.

त्यानंतर त्यानं उलटं धरलं. बाद करायचंच नाही. पिवळं दिसो, कडं दिसो, उजवीकडे ठेवायचं. मी मारणार नाही, पुढचं पुढं. बादचा ट्रे जवळजवळ रिकामा राहू लागला. थोड्याच दिवसांत मशीनमध्ये एक अंडं फुटलं. दार उघडलं तेव्हा असा वास आला की माणसं नाकाला कापड लावून मागं सरली. हिरवट काळं पाणी खालच्या ट्रेवर ओघळलं होतं. सबंध कप्पा फेकून द्यावा लागला, आणि त्या कप्प्यातली बहुतेक अंडी जिवंत होती.

मॅनेजर या वेळी सौम्य बोलला नाही. "आधी जिवंत मारलीत, आता मेलेली सांभाळलीत. मी करू काय दिवेवाले? उद्यापासून ट्रे धुवायला बसा."

रेडिओबाई तिथंच उभी होती. तिला कुणी विचारलं नव्हतं. "साहेब, एक पाळी त्यांना माझ्याबरोबर टेबलावर बसू द्या. मग काय धुवायचं ते धुऊ."

"तुम्ही त्यांच्या वकील का?"

"वकिलाला फी असते साहेब. मी फुकट बोलते."

मॅनेजरला हसू आलं. दिवेवाल्याला ते दिसलं आणि आपल्यावरच आहे असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती आपलं स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसली. त्यानं अंडं भोकावर धरलं.

"बाद," तो म्हणाला.

"का?"

"कडं आहे."

"कुठंय? बोटानं दाखवा."

त्यानं बोट नेलं. बोट एका शिरेवरून गेलं, तिला फाटा फुटला तिथं दुसरीवर गेलं, आणि फिरत राहिलं. कडं काही सापडेना.

"आता अंडं तसंच धरा. आपण दोघं गप्प बसू."

"तू गप्प बसशील?"

"जमतं मला. कुणी सांगत नाही म्हणून बसत नाही."

ते गप्प बसले. दिव्याची बारीक गुणगुण तेवढी चालू. अंडं बोटांत ऊन लागत होतं. मग आत, जाळ्याच्या मधे, ठिपका चटका बसल्यासारखा एकदम हलला.

"हललं," ती म्हणाली.

"हललं," तोही म्हणाला.

त्याला दिसलं होतं. कदाचित रोजच दिसत होतं. पण डोळ्यांनी बघायच्या आधीच आतून कुणीतरी बाद म्हणून मोकळं व्हायचं, आणि मग डोळे त्याच्या मागं कडं शोधत जायचे. असा हा प्रकार होता. डोळ्यांचा डॉक्टर त्याला काय करणार.

"माझा थोरला भाऊ असाच झाला होता," रेडिओबाई पुढचं अंडं उचलत म्हणाली. "चांगलं सांगितलं की म्हणायचा, कशावरून? वाईट सांगितलं की म्हणायचा, मला ठाऊकच होतं. सख्ख्या आईचा चेहरा बघून म्हणायचा, ही माझ्यावर चिडलीय. आई बिचारी झोपलेली असायची. शेवटी मनाच्या डॉक्टरकडे नेलं. गोळ्या झाल्या, बोलणं झालं."

"बरा झाला?"

"बराच."

"बराच म्हणजे?"

"म्हणजे कशावरून असं अजून विचारतो. पण उत्तर ऐकायला थांबतो." तिनं अंडं हातात फिरवलं. "भाऊ, घरी आहे का कुणी? तुमचं बाद परत बघणारं?"

"होती."

रेडिओबाईनं ते अंडं त्याच्या हातात दिलं.

त्या पाळीपासून त्यांचा एक रिवाज पडला. त्यानं बाद म्हटलेलं अंडं थेट ट्रेत जायचं नाही. आधी तिच्या हातात, मग ट्रेत. उजवीकडं ठेवलेल्याला ती हात लावत नसे. वेळ दुप्पट लागायचा. मॅनेजर म्हणाला, बघू किती दिवस जमतं ते.

त्या पहिल्याच संध्याकाळी बसमध्ये त्याला जावयाचा फोन आठवला. फोन करू नका, हे तर पाठच होतं. पण त्याच्या आधी जावई काहीतरी बोलला होता. काय बरं? त्यानं अंडं धरावं तसं ते बोलणं धरून ठेवलं आणि वाट बघितली. दोन थांबे गेले. मग आलं. ठोके ऐकवले त्यांनी.

फोटोला आपण बाद म्हटलं होतं, हे त्याला तेव्हा कुठं कळलं.

रविवारी तो मुलीच्या घरी गेला. फोन करायची बंदी होती, यायची नव्हती, असं त्यानं वाटेत मनाशी घोकलं होतं. दार जावयानं उघडलं.

"बाबा? तुम्ही?"

आतून मुलीचा आवाज आला, "कोण आहे?"

"बाबा आहेत."

आतून काही उत्तर आलं नाही. दिवेवाल्याला उत्तर मिळालं. तो वळलाही.

"अहो, चाललात कुठं? आत या," जावई म्हणाला आणि त्यानं हाताला धरून आत घेतलं.

मुलगी खुर्चीत बसली होती, पाय दुसऱ्या खुर्चीवर. चेहरा सुजल्यासारखा. तिनं बसा म्हटलं नाही. तो उभ्यानंच बोलायला लागला. "कामावर घोटाळा झाला. मी बाद केलेली अंडी जिवंत निघाली."

"मला अंड्यांचं काय सांगताय बाबा?"

"तुझ्या फोटोलाही मी बाद म्हटलं."

ती एकदम पेटली. "हो, म्हटलंत! सगळी दुपार मी दवाखान्याच्या बाकावर बसले होते, आणि मला खात्री होती. डॉक्टर सकाळीच म्हणाले होते सगळं छान आहे, तरी माझी खात्री होती. का माहितेय? लहानपणापासून ऐकत आलेय, माझ्या बाबांची नजर कधी चुकत नाही. मशीनवर ठोके ऐकवले तरी मला आधी ते माझेच वाटले."

"चुकते," तो म्हणाला. "आता चुकते. मी वाईट सांगितलेलं तू खरं धरायचं नाहीस. दुसऱ्याला दाखवून घ्यायचं."

तिनं टीपॉयवरच्या पाकिटातून फोटो काढला, या वेळी कागदावरचा, आणि त्याच्या पुढ्यात टाकला. "मग आता सांगा. काय दिसतंय?"

त्यानं कागद उजेडात धरला. बराच वेळ बघितलं. हो म्हणणं सोपं होतं. जावई मागून मान हलवून तेच सुचवत होता.

"आत्ताही दिसत नाही," तो म्हणाला.

"अहो बाबा..." जावई म्हणाला.

"खोटं कसं सांगू? तिला दाखवू दे ना." तो मुलीकडे वळला. "बोटानं दाखव."

मुलगी बघत राहिली. मग पुढं वाकली आणि कागदावर बोट ठेवलं. "हे डोकं."

त्यानं तिच्या बोटामागून आपलं बोट नेलं. "डोकं."

"ही पाठ."

"पाठ."

"इथं ठोके होते. पडद्यावर लुकलुकत होतं. फोटोत नाही यायचं ते."

"फोटोत हलत नाही," तो म्हणाला. "बरोबर. तू म्हणतेस तर आहे."

"आनंद झाला का तुम्हाला?" तिनं विचारलं. तिचा आवाज आता लहान झाला होता.

तो खुर्चीच्या कडेवर टेकला. "आनंदाची गोष्ट आहे हे कळतं. आत पोचत नाही."

"आई गेली तेव्हाही तुम्ही रडला नाहीत."

"तेही पोचलं नाही अजून."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा खटाटोप करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"आई म्हणायची, यांचं बोलणं दुधासारखं," मुलगी म्हणाली. "तेव्हा मला ते आठवायला हवं होतं." तिनं नाक पुसलं. "मी अजून रागावलेय."

"असू दे."

"डॉक्टरकडे जाल?"

"मनाच्या डॉक्टरकडे. मंगळवारी जायचंय. रेडिओबाई येणार आहे बरोबर."

"ही कोण रेडिओबाई?"

"कामावरची. बंद होत नाही."

मुलीच्या तोंडाचा कोपरा जरा हलला. ते हसू होतं की आणखी काही, त्याला ठरवता आलं नाही. ती उठून आत गेली, जावईही मागोमाग गेला. आतून भांड्यांचा आवाज आला आणि मग दोघांचं हळू बोलणं. शब्द कळत नव्हते. म्हातारा किती वेळ बसणार, हेच बोलत असणार. दुसरं काय? त्याच्याच आतून निकाल आलाही होता, नेहमीसारखा, चटकन. चप्पल दारापाशीच होती.

तो उठला. दाराकडं दोन पावलं गेलाही. मग हातात अंडं असल्यासारखा थांबला, आणि वळून आतल्या दारापाशी जाऊन उभा राहिला.

"काय बोलताय?"

दोघांनी चमकून वर बघितलं. "तुम्ही जेवून जाणार का, ते," मुलगी म्हणाली. चेहऱ्यावर हसू नव्हतं. राग असेल, थकवा असेल.

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, त्यांनाच विचारू."

त्याला ते खरं वाटलं नाही. मुळीच वाटलं नाही.

"जेवतो," तो म्हणाला, आणि फळीवरची ताटं घ्यायला त्यानं हात वर केला.